‘ओळखतात का अजून?’

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला भेटायला आलेले लोक निघताना दाराशी थांबतात आणि आवाज खाली आणून विचारतात, ‘ओळखतात का अजून?’ विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, माया असते. तरी घरच्यांच्या पोटात खड्डा पडतो. कारण ‘नाही’ असं एकदा सांगून झालं की आतल्या खोलीतला माणूस गेल्यातच जमा होतो. भेटायला येणं कमी होतं. ‘आम्ही आलो काय, न आलो काय, त्यांना कुठे कळणार आहे’ असं म्हणून चौकशी फोनवरच उरकली जाते.

माणूस म्हणजे त्याच्या आठवणी, आणि आठवणी गेल्या की माणूस गेला, ही समजूत या प्रश्नाच्या तळाशी आहे. ती आजची नाही. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञाने जवळपास हेच मांडलं होतं: कालचं कृत्य ‘मी केलं’ म्हणून मला आठवतं, म्हणून कालचा मी आणि आजचा मी एकच. पुढे १७८५ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड यांनी त्यातली अडचण दाखवली. एका मुलाला शाळेत छड्या बसल्या. तोच मोठा होऊन सैन्यात गेला आणि त्याने शत्रूचा झेंडा हस्तगत केला. म्हातारपणी तो सेनापती झाला. सेनापतीला झेंडा आठवतो, छड्या साफ विसरल्या. झेंडा घेणाऱ्या तरुणाला मात्र त्या चांगल्या आठवत होत्या. मग सेनापती आणि तो तरुण एकच, तरुण आणि तो मुलगाही एकच, पण सेनापती आणि मुलगा वेगळे? हे कोणाला पटेल? धडधाकट माणसाच्या आठवणीसुद्धा गळतच असतात, आणि तरी आपण त्याला तोच माणूस मानतो.

म्हणून आजारात काही हरवत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारलं, ती म्हणाली ‘ऑगस्ट’. आडनाव विचारलं, पुन्हा ‘ऑगस्ट’. नवऱ्याचं नाव विचारलं तरी तेच. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ती ‘श्रीमती’पर्यंत यायची आणि पुढचं विसरायची. तीच बाई म्हणत असे, ‘मी मला हरवून बसले आहे.’ हे वाक्य कितीही वेळा वाचलं तरी अंगावर येतं. पण त्याचा दुसरा अर्थही नजरेआड करू नये. आपण हरवलो आहोत हे जिला कळत होतं आणि जी ते बोलून दाखवत होती, ती कोणीतरी तिथे होतीच.

नेमकं काय जातं आणि कोणत्या क्रमाने जातं, हे समजलं तर घरातले निम्मे वाद मिटतात. या डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा अल्झायमर हा डिमेन्शियाचा एक प्रकार. त्याची सुरुवात बहुधा मेंदूच्या कानशिलाकडच्या आतल्या भागात, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगत होते. नवी घटना पक्की करून ठेवण्याचं काम याच भागाचं. त्यामुळे आधी आज सकाळ जाते, मग गेला आठवडा, मग गेली काही वर्षं. जुनं त्यामानाने टिकतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी हा क्रम १८८१ मध्येच नोंदवला होता. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी तर निरोगी माणसातही जास्त ठसठशीत असतात. याचा परिणाम असा की आजार वाढतो तसा त्या माणसाचा मनातल्या मनातला ‘आज’ मागे सरकतो. ऐंशीच्या बाई आतून पस्तिशीच्या असतात. त्यांची मुलगी त्यांच्या लेखी आठ वर्षांची आहे, शाळेतून यायची आहे. आणि समोर उभी आहे केस पांढरे झालेली कोणी बाई. तिला ‘मुलगी’ म्हणून त्या कशा ओळखणार? मुलीला त्या विसरलेल्या नसतात, त्या तिचीच वाट पाहत असतात. पुष्कळदा त्या या पिकल्या केसांच्या बाईला ‘आई’ किंवा ‘ताई’ म्हणून हाक मारतात. नाव चुकतं, नातं बरोबर लागतं: ही माझी कोणीतरी जवळची आहे, माझं करणारी आहे. माझ्या मते ही ओळखच आहे आणि तिला ओळख म्हणूनच मान द्यावा.

तेव्हा खोलीत शिरल्यावर ‘सांग बघू मी कोण?’ ही परीक्षा घेऊ नये. उत्तर आलं तर आपल्याला बरं वाटतं. नाही आलं तर त्यांना लाज वाटते, आणि ती लाज लपवायला माणूस हसून वेळ मारून नेतो किंवा चिडतो. समोरून जावं, पाठीमागून खांद्याला हात लावू नये. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसावं आणि स्वतःचं नाव-नातं स्वतःच सांगून टाकावं: ‘आई, मी सुनीता. आले तुला भेटायला.’ एका वेळी एकच वाक्य बोलून थांबावं. मनात सावकाश दहापर्यंत मोजावं. शब्द कानावर पडून त्याचा अर्थ लागायला आणि उत्तर जुळवायला त्यांना तेवढा वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो, मग बिचाऱ्यांचं जुळवणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ‘काही बोलतच नाहीत’ अशी तक्रार असलेल्या कित्येक घरांत आधी हे थांबणं करून पाहायला हवं. आणि त्याच्याही आधी चष्मा पुसलेला आहे का, श्रवणयंत्राची बॅटरी चालू आहे का, कानात मळ साचलाय का, हे बघायला हवं. नीट ऐकू न येणारा माणूस बाहेरून अगदी ‘हरवलेल्या’सारखाच दिसतो.

स्वतःविषयीचं ज्ञान मेंदूत दोन तऱ्हांनी राहतं. घडलेले प्रसंग एका बाजूला, आणि ‘मी नीटनेटकी आहे’, ‘मला गर्दी सोसत नाही’ ही स्वभावाची माहिती दुसऱ्या बाजूला. स्टॅनली क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अल्झायमर झालेल्या एका बाईंचा अभ्यास केला. प्रसंगांची आठवण फार बिघडलेली असूनही त्या स्वतःच्या स्वभावाचं वर्णन न चुकता करत होत्या, फक्त ते वर्णन आजारापूर्वीच्या बाईंचं होतं. आजाराने त्यांच्यात जे बदल झाले त्यांची नोंदच त्यांच्याकडे होत नव्हती. ‘मला कोणाची मदत लागत नाही, स्वयंपाक मीच करते’ हे वाक्य म्हणूनच खोटं नसतं आणि हट्टाचंही नसतं. जुनी प्रत शाबूत आहे, नवी छापली जात नाही. पुरावे देऊन हे पटवता येत नाही, कारण पुरावा साठवणारा भागच कामातून गेलेला असतो. काल गॅस चालू राहिला होता हे दहा वेळा ऐकवलं तर त्यांना दहा वेळा अपमान तेवढा मिळतो. त्यापेक्षा गॅस आपोआप बंद होण्याची सोय करावी आणि भाजी निवडायला त्यांच्यापुढे ठेवावी.

चोरीचा आळही इथूनच येतो. पाकीट जागेवर नाही आणि आपण ते हलवल्याचं आठवत नाही, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी हलवलं. तर्क म्हणून यात काहीच चूक नाही. ‘मी विसरले’ हे मान्य करण्यापेक्षा ‘कोणीतरी घेतलं’ म्हणण्यात माणसाची स्वतःबद्दलची किंमत शाबूत राहते. सफाई देत बसू नये. ‘चल, दोघी मिळून शोधू’ म्हणावं, आणि सापडल्यावर ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे गिळून टाकावं. एकसारखी दोन पाकिटं आणून ठेवली की बरेच दिवस निभतं.

आरशाचं प्रकरण सगळ्यांनाच ठाऊक नसतं. मनातलं वय मागे गेलं की आरशातली म्हातारी परकी वाटू लागते. काहीजण तिच्याशी गप्पा मारतात. त्यात त्यांना सोबत मिळत असेल तर मारू द्याव्यात. काहींना मात्र भीती वाटते. अंघोळीला नेलं की बाई पदर घट्ट धरून बसतात, हात झटकतात, आणि घरचे म्हणतात, पाण्याची भीती बसलीये. न्हाणीघरात त्यांच्या जागी उभं राहून एकदा समोर बघावं. भिंतीवरच्या आरशात एक अनोळखी बाई टक लावून पाहत असेल, तर कोण कपडे काढेल? आरशावर पडदा लावून बघावं किंवा तो उतरवून ठेवावा. रात्री खोलीत दिवा असला की काळोखी खिडकीची काचही आरसा होते, तेव्हा दिवेलागणीच्या आधी पडदे ओढून घ्यावेत. एवढ्याशा फरकाने संध्याकाळची घालमेल काही घरांत खरोखर उतरते.

‘मला घरी जायचंय’ याबद्दल थोडक्यात. ‘हेच तर घर आहे’ हे उत्तर उपयोगाचं नाही. आधी लघवी लागली आहे का, कुठे दुखतंय का, भूक लागली आहे का ते बघावं. मग ‘घरी कोण कोण असतं?’ असं विचारत चार पावलं बरोबर चालावं.

‘आई कुठे आहे?’ हा प्रश्न त्याहून अवघड आहे. ती वारली असं सांगितलं तर ते मरण त्यांच्यासाठी आज घडतं, आणि तासाभराने विचारलं की पुन्हा घडतं. पण रचून सांगितलेल्या गोष्टीही मला पटत नाहीत. आजाराच्या पहिल्या टप्प्यात माणूस त्या पकडतो, आणि मग आपलं खरंही त्याला खोटं वाटायला लागतं. ‘आईची आठवण येतेय ना? कशी होती गं ती?’ यात खोटं काही नाही आणि क्रूरही काही नाही.

आठवणींच्या पलीकडे शरीराची एक ओळख असते, आणि ती फार चिवट असते. पिया कोंटोस या कॅनडातल्या संशोधिकेने काळजीकेंद्रात बसून जे पाहिलं, त्यात एक बाई आहे. आजार खूप पुढे गेलेला. जेवताना कर्मचारी तिच्या गळ्याभोवती लाळेरं बांधत. त्याखाली तिची मोत्यांची माळ झाकली जाई. ती बाई लाळेऱ्यामागे हात घालून माळ शोधायची, बाहेर काढायची आणि दिसेल अशी वर ठेवायची. ‘मी नीट राहणारी बाई आहे’ हे वाक्य तिला कदाचित जुळवता आलं नसतं. हाताला मात्र ते पाठ होतं.

सवयीने येणाऱ्या कृती मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधाराने चालतात आणि अल्झायमरमध्ये त्या उशिरापर्यंत टिकतात. म्हणून ‘केस विंचरा’ असं सांगून काही होत नसेल तर फणी हातात द्यावी. हात वर जात नसेल तर त्यांच्या तळव्याखाली आपला तळवा घालून पहिली हालचाल आपण करावी. पुढची पुष्कळदा त्यांची त्यांना सापडते. वरून मनगट धरून हात ओढला तर माणूस साहजिकच झटकून टाकतो. कपडे घालताना अडतं ते क्रमाशी: शर्ट आधी की बनियन, पाय कुठे घालायचा. घालायच्या क्रमाने कपड्यांची चळत रचावी, सगळ्यात आधी घालायचा तो सगळ्यात वर. निवड द्यायची ती दोनातूनच, ‘निळा की पांढरा?’, आणि दोन्ही समोर धरून. कपाट उघडून ‘काय घालतेस?’ विचारलं तर त्या गोंधळून जातात.

सोयीसाठी आपण माणसाचा पेहराव बदलून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं. जन्मभर इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस एका महिन्यात ढगळ टी-शर्टमध्ये येतो, कारण बटणं लावायला वेळ जातो. बटणं शर्टाला बाहेरून दिसतील अशी शिवून टाकावीत आणि आतून वेल्क्रो लावावं. अर्ध्या तासाचं शिवणकाम आहे, आणि माणूस स्वतःच्या कपड्यात राहतो.

आता त्या भागाकडे येते जो सर्वस्वी आपल्या हातात आहे. स्टीव्हन सबाट या मानसशास्त्रज्ञाने ‘स्व’चे तीन पदर सांगितले. पहिला, ‘मी’, ‘मला’, ‘माझं’ म्हणणारा; शब्द अडखळू लागले तरी हा बराच काळ दिसत राहतो. दुसरा गुणांचा आणि मतांचा. तिसरा म्हणजे माणूस चारचौघांत जो असतो तो: शिक्षक, मोठी बहीण, मित्र. या तिसऱ्याची गंमत अशी की तो एकट्याला उभा करता येत नाही. विद्यार्थी म्हणून कोणी समोर बसलं तरच शिक्षक होता येतं. आजूबाजूचे सगळे ‘पेशंट’ म्हणूनच वागवू लागले तर तो शिक्षक संपतो, आणि तेव्हा आपण म्हणतो, आजाराने संपवला. ब्रिटनच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी माणूस खच्ची करणाऱ्या वागणुकीचे सतरा प्रकार नोंदवले होते. त्यातलं एकही करणारा दुष्ट असावा लागत नाही: त्यांना झेपणार नाही अशा वेगाने बोलणं, हातातलं काम काढून घेणं, लहान मुलासारखं बोलणं, त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं. ‘आज जरा चिडचिड करताहेत’ हे आपण त्यांच्या डोक्यावरून, त्यांना ऐकू जाईल असं कितीदा बोलतो? हाक कोणती मारायची हेही यातच येतं. अटेंडंट मंडळी सरसकट ‘आजी’ म्हणतात, प्रेमानेच म्हणतात. पण चाळीस वर्षं ‘बाई’ किंवा ‘डॉक्टर’ ऐकलेल्या कानांना ती हाक आपल्यासाठी आहे हे उमगतच नाही.

भेट विसरली जाते, पण तिने दिलेलं बरं वाटणं मागे राहतं. २०१४ साली आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमर झालेल्यांना दुःखी आणि आनंदी दृश्यं दाखवली. काय पाहिलं हे थोड्याच वेळात पुसलं गेलं, भावना मात्र अर्ध्या तासापर्यंत टिकून होती. म्हणजे आपण ओरडलो तर ओरडणं विसरलं जाईल आणि कारण न कळणारी खिन्नता उरेल. ‘उगाच रडतात’ यातलं ‘उगाच’ तपासून पाहावं.

इतकं लिहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळेच डिमेन्शिया सारखे नसतात, आणि ‘आत तोच माणूस आहे’ हा दिलासा सगळ्यांना देता येत नाही. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आजार कपाळामागच्या भागाला धरतो, बहुधा ४५ ते ६५ या वयात. आठवण सुरुवातीला बरी असते. जाते ती कणव, संकोच, दुसऱ्याच्या दुःखाची जाण. हळवा नवरा बायकोच्या आजारपणात नुसता टीव्ही बघत बसतो. निदान होईपर्यंत लोक त्याला संसारातली भांडणं किंवा नैराश्य समजतात, कधीकधी कित्येक वर्षं. २०१५ मध्ये नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकल्स या संशोधकांनी मेंदू आणि मज्जातंतूंचे वेगवेगळे आजार झालेल्यांच्या २४८ नातेवाइकांना विचारून पाहिलं. ‘हा आता पूर्वीचा माणूस राहिला नाही’ असं सर्वात जास्त याच प्रकारातल्या कुटुंबांना वाटत होतं, अल्झायमरमधल्या कुटुंबांपेक्षाही जास्त. ही भावना ठरत होती ती चांगुलपणातल्या बदलावरून. विसरण्याचा तिच्याशी फारसा संबंध नव्हता. माणूस म्हणजे आठवणी, या समजुतीला याहून मोठा धक्का नाही. या कुटुंबांचं माणूस खरंच बदललेलं असतं. त्यांना ‘प्रेमाने वागा, सगळं आत आहे’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे. त्यांचा शोक खरा आहे आणि तो माणूस जिवंत असतानाच करावा लागतो.

लेवी बॉडी प्रकारात वेगळंच होतं: सकाळी लख्ख, दुपारी धूसर. ‘मघाशी तर नीट बोलत होते, नाटक करताहेत’ असं त्यात म्हणू नये. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध सुरू केलं तर या रुग्णांना ते धोक्याचं ठरू शकतं, म्हणून निदान काय आहे ते प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी सांगावं. आणि कोणत्याही प्रकारात एक-दोन दिवसांत अचानक ‘हे आमचे बाबाच नाहीत’ असं वाटू लागलं, तर आजार पुढे गेला असं समजून गप्प बसू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी: यांतलं काही असू शकतं आणि त्यावर उपाय आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मग निर्णय कोणाचे मानायचे, पूर्वीच्या माणसाचे की आजच्या? एखादे करारी न्यायाधीश, जन्मभर पोरकटपणाचा तिटकारा असलेले, आता बाहुली मांडीवर घेऊन शांत होतात. मुलाला ते बघवत नाही. रोनाल्ड ड्वॉर्किन या कायदेतज्ज्ञाचं म्हणणं, माणसाने शुद्धीत असताना आयुष्याचं जे मोल ठरवलं त्याला शेवटपर्यंत मान द्यावा. कायद्याच्याच अभ्यासक रेबेका ड्रेसर यांचा आक्षेप, आज जो समोर आहे त्याच्या सुखाचं काय? मला वाटतं, रोजच्या लहान गोष्टींत आजच्या माणसाचं ऐकावं. बाहुली असू द्यावी. परत न फिरवता येणाऱ्या गोष्टींत पूर्वीच्या माणसाचं ऐकावं: कृत्रिम श्वासयंत्र, नळीने अन्न, मालमत्ता, शेवटचे दिवस कुठे. त्यासाठी निदान झाल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, सकाळच्या ताज्या वेळी, थोडं थोडं करून हे बोलून लिहून घ्यायला हवं. नळीबद्दल एवढं सांगून ठेवावं की शेवटच्या टप्प्यात तिने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. सावकाश हाताने भरवणंच बरं, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो.

त्याच काळात आणखी एक कागद करावा. पदव्या, बढत्या, सत्कार त्यात नकोत. रात्रपाळीच्या अटेंडंटला लागेल ते हवं. कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. उठायची, झोपायची वेळ. कोणत्या कुशीवर झोपतात. कशाची भीती वाटते. अंघोळ थंड पाण्याने की गरम. विशी-पंचविशीत ऐकलेली पाच-सहा गाणी. रागावल्यावर काय केलं की निवळतात. कोणता विषय काढायचा नाही. एकच पान, मोठ्या अक्षरात, पलंगाजवळ. शक्यतो त्यांनाच विचारून, त्यांच्याच शब्दांत.

आणि दर दोन-तीन महिन्यांनी ते पान पुन्हा वाचावं. जुनी प्रत जपून ठेवणारे ते एकटेच नसतात, आपणही असतो. वडिलांना शास्त्रीय संगीतच आवडतं म्हणून आपण तेच लावत राहतो, आणि ते मात्र आता ढोलकीवर पाय हलवायला लागलेले असतात. आईला कोणी अंगाला हात लावलेला खपत नाही, असं पानावर लिहिलेलं असतं, आणि हल्ली तीच शेजारी बसलेल्याचा हात सोडत नाही. असं काही दिसलं की जुनी ओळ खोडावी, नवी लिहावी आणि तारीख घालावी.